टाकी पाऊण भरलेली असताना

३ नोव्हेंबर, मंगळवार

पेट्रोल पंपावर मॅनेजर होतो, अठ्ठावीस वर्षं रोज सकाळी सहाला टाकीत काठी सोडली, पातळी बघितली आणि वहीत लिहिली. एक दिवस चुकलो नाही. स्वतःबद्दल मात्र कधी चार ओळी खरडल्या नाहीत. आता थोरलीने ही डायरी आणून दिली. म्हणाली, "बाबा, दिवसभर आईचं डोकं खाता. त्यापेक्षा हिचं खा." थोरली म्हणजे माझी लेक. मोठ्या दवाखान्यात नर्स आहे. आम्ही दोघं नवरा-बायको सध्या तिच्याकडेच राहतो.

तर पहिली नोंद. आज मालकांच्या मुलाचा फोन आला. नवा रस्ता झाल्यापासून जुन्या रस्त्यावर चिटपाखरू फिरकत नाही, पंप सात वर्षं बंदच आहे. आता जागा विकली गेली. तेरा तारखेला जमिनीखालच्या दोन्ही टाक्या उकरून काढणार. "काका, तुम्ही यायला हवं. टाक्या उतरवल्या तेव्हा तुम्हीच उभे होतात ना?"

होतो. तेव्हा डोक्यावर केस होते आणि मिशीही काळी होती.

मी हिला म्हटलं, "गाडीने जाऊ. अकराशे किलोमीटर. रमतगमत." मला वाटलं होतं, गुडघ्याचं कारण पुढे करेल. पण ही लगेच उठली आणि माळ्यावरची बॅग काढायला स्टूल शोधू लागली.

४ नोव्हेंबर, बुधवार

घरात वाद. मी रोख पैसे नेणार म्हणतो, थोरली म्हणते कार्ड न्या. शेवटी तिने हिच्या नावाचं कार्ड हिच्या हातात दिलं. "माझ्याच खात्यावरचं आहे, पेट्रोलपुरतं," म्हणाली. मग मला शाळेतल्या पोरासारखं समोर बसवून सूचना दिल्या. निघण्याआधी बँकेला कळवायचं की आम्ही अमुक रस्त्याने जातोय, नाहीतर त्यांना वाटतं कार्ड चोरीला गेलं. मशीनवर आपलं आपण भरायचं असेल, तर ते आधी मोठी रक्कम अडकवून ठेवतं, म्हणून शक्यतो काउंटरवर आत जाऊन द्यायचं. आणि थोडी रोकड वेगळ्या खिशात ठेवायची.

मी म्हटलं, "बँकेला कशाला सांगायचं आपण कुठे चाललोय? बँक काय माझी विहीण आहे?"

थोरली हसली नाही. हीसुद्धा नाही. मी ठणकावून सांगितलं की बँकेला फोन करायचा नाही. कार्डाचं नाव काढलं की माझं डोकं का फिरतं, हे दोघींना ठाऊक आहे. मलाही ठाऊक आहे. ते इथे लिहायची गरज नाही.

९ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी सातला निघालो. गाडी चोवीस वर्षांची, पण आवाज घड्याळासारखा. ही शेजारी, मांडीवर पर्स, पर्समध्ये कार्ड. उकडलेली अंडी, ब्रेड आणि चहाचा थर्मास मागे.

निघताना टाकी काठोकाठ भरली होती. साठ किलोमीटरवर पंप दिसला आणि ही म्हणाली, "अहो, घ्या ना आत. थोडं टाकून घेऊ."

"अगं, भरलेली आहे टाकी."

"असू दे. शंभरचं टाका."

मला लाज वाटली. शंभरात आजकाल काय येतं? भरणाऱ्या पोरीने काटा बघितला, माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "बाईंची हौस." ही आत काउंटरवर जाऊन कार्ड देऊन आली. चेहरा असा, जणू पत्र टाकून आली पेटीत.

दुपारपर्यंत असं तीनदा. संध्याकाळी लॉजवर पोचायच्या आत आणखी एकदा.

मला कारण ठाऊक आहे, म्हणून फार बोललो नाही. एकतीस वर्षांपूर्वी हिला कळा सुरू झाल्या तेव्हा मी मालकांची जीप काढली, आणि चार किलोमीटरवर जीप बंद पडली. पेट्रोल संपलं होतं. पंपाच्या मॅनेजरचं पेट्रोल संपलं! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. नशिबाने समोरून आमचाच टँकर येत होता. रिकामा करायला निघालेल्या ड्रायव्हरने टँकर तिथल्या तिथे वळवला आणि बारा हजार लिटर पेट्रोलासकट हिला दवाखान्यात पोचवलं. ड्रायव्हर वाटभर म्हणत होता, "वहिनी, दम धरा, मागे काय आहे ते लक्षात ठेवा." धाकटा त्या दिवशी जन्मला.

तेव्हापासून हिच्या मनात धसका बसला असणार.

१० नोव्हेंबर, मंगळवार

आजचा रस्ता जुना, ओळखीचा. दोन्ही बाजूंना उंच झाडं, मधे मधे गावं. एका वळणावर काच खाली केली आणि पेट्रोलचा वास आला. लोक नाक दाबतात. मला त्या वासाने भूक लागते. अठ्ठावीस वर्षं तो माझ्या कपड्यांत होता, उशीत होता. ही म्हणायची, "तुम्ही देवाघरी गेलात तरी पेटवायला काडी लागायची नाही."

पंपामागे आमच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीच्या खिडकीतून दोन्ही मशीन दिसायची. पोरं गृहपाठ करायची आणि बाहेरून भरणारा ओरडायचा, "शून्य बघून घ्या साहेब!" गिऱ्हाइकाने आधी मीटरवरचं शून्य बघायचं आणि मग पेट्रोल सोडायचं, हा माझा नियम. धाकटा चार वर्षांचा असताना ताटात वरण वाढलं तरी आईला म्हणायचा, "शून्य बघून घ्या साहेब." आम्ही पोट धरून हसायचो.

त्याचा विषय बऱ्याच वर्षांनी काढला, तोही या वहीत.

दुपारी पुढचे दोन्ही टायर बदलावे लागले. टायरवाल्याचं कार्डाचं मशीन बंद होतं. मी खुशीने नोटा मोजून दिल्या. हिला म्हटलं, "बघितलंस? नोट कधी बंद पडत नाही." खिशात आता चहापाण्यापुरतं उरलंय. उरू दे. पेट्रोलला कार्ड आहे.

आज हिने पाच वेळा पेट्रोल भरायला लावलं. शेवटी मी चिडलो. ही खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तुमचं काय जातं?" माझं काय जातं! टाकी पाऊण भरलेली असताना पेट्रोल भरणारा माणूस मी उभ्या जन्मात बघितला नाही, आणि माझा जन्म पंपावर गेलाय.

११ नोव्हेंबर, बुधवार

आज जे झालं ते नीट लिहून ठेवतो.

डोंगर चढायच्या आधी पायथ्याला एक पंप आहे. पुढे नव्वद किलोमीटर काही नाही. सकाळपासून हिने दोनदा शंभरशंभरचं टाकलं होतं, पण डोंगर म्हणून मी म्हटलं, आता फुल करू. भरणाऱ्याने नळी लावली, टाकी गळ्यापर्यंत भरली. ही कार्ड घेऊन आत गेली, ती येईना. मी गेलो.

काउंटरवर पन्नाशीच्या बाई होत्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. म्हणाल्या, "काका, कार्ड नाही म्हणतंय."

"पुन्हा घाला."

"तीनदा घातलं."

मी खिसे उलटे केले. निम्मेसुद्धा भरेनात. माझ्या मागे चार-पाच माणसं रांगेत. कानशिलं तापली. आयुष्यभर मी काउंटरच्या त्या बाजूला उभा होतो. या बाजूला उभं राहणं काय असतं, ते मला ठाऊकच नव्हतं. पेट्रोल भरून झालंय, परत काढता येत नाही, आणि लोक तुमच्या चपलांपासून वरपर्यंत बघतायत.

थोरलीला सात वेळा फोन लावला. उचलेना. हिने माझ्या हातातून फोन घेतला, "मी बाहेरून लावते, इथे आवाज नीट येत नाही," म्हणाली आणि हवेच्या नळीपाशी जाऊन उभी राहिली. पाठमोरी. बरंच बोलली.

तेवढ्यात काउंटरवरच्या बाईंनी मला स्टूल दिलं. "बसा काका. होतं असं. प्रवासाला निघालेल्यांचं रोज एक कार्ड अडकतं इथे. म्हणून मी सांगते, आधी आत येऊन कार्ड चालतंय का बघा, मग नळी लावा."

मी म्हटलं, "मी स्वतः पंपावर मॅनेजर होतो."

"मग तुम्ही तर कितीतरी बघितले असतील असे अडकलेले."

बघितले. एक तर चांगलाच आठवतो. त्याला मात्र स्टूल देणारा मी नव्हतो.

आता लिहितोच. नऊ वर्षांपूर्वी धाकट्याने पंपावर कार्डाचं मशीन आणलं. मी नको म्हणत होतो. मालकांच्या मागे लागून आणलंच त्याने. पहिल्याच आठवड्यात एका गिऱ्हाइकाचं कार्ड पेट्रोल भरल्यावर नाही म्हणालं. धाकटा त्याला म्हणाला, "असू द्या साहेब, परत येताना द्या," आणि सोडून दिलं. मला कळलं तेव्हा पंपावर पाच-सहा माणसं होती. त्यांच्यासमोर मी ते मशीन त्याच्या अंगावर फेकलं आणि म्हटलं, "हे खेळणं घे आणि चालता हो." तो संध्याकाळच्या बसने गेला. गिऱ्हाईक चौथ्या दिवशी येऊन पैसे देऊन गेलं. मी कुणाला सांगितलं नाही.

अर्ध्या तासाने बँकेतून हिच्या फोनवर फोन आला. हिने मलाही ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला. बँकेतला माणूस मर्यादशील होता. म्हणाला, "मॅडम, तीन दिवसांत अकरा वेळा थोडं थोडं पेट्रोल, तेही दर वेळी नव्या गावात. चोरलेलं कार्ड चालतंय का हे बघायला चोर असंच करतात. शिवाय प्रवासाची सूचना आमच्याकडे नव्हती. म्हणून आपोआप बंद झालं. आता मूळ खातेदारांशी बोलणं झालंय. ते म्हणाले, आई-वडीलच आहेत, लगेच सुरू करा."

कार्ड चाललं. बाईंनी पावती दिली आणि थर्मासात चहा भरून दिला. पैसे घेईनात.

गाडीत बसल्यावर मी म्हटलं, "तुझ्या शंभरशंभरच्या हौसेने आज चोर ठरलो." हिने कार्ड पर्समध्ये टाकून चेन ओढली. आणि तो बँकवाला! थोरलीला 'ते' म्हणाला. 'त्या' म्हणता येत नाही. भाषेची पार वाट लावलीय या लोकांनी.

त्याच दिवशी, संध्याकाळी

थोरलीचा फोन आला. "बाबा, ऑपरेशन थिएटरमध्ये होते, फोन आत्ता बघितला. सात मिस्ड कॉल? काय झालं?"

मी म्हटलं, "अगं, बँकेशी बोललीस ना तू?"

ती जरा थांबली. मग म्हणाली, "हो हो, बोलले ना."

कामाच्या धबडग्यात विसरली असेल.

१२ नोव्हेंबर, गुरुवार

विसरली नव्हती.

सकाळी गाडी सुरू केली, गिअर टाकला आणि गाडी जागेवरच उभी ठेवली. हिला विचारलं, "कार्ड कुणाचं आहे?"

हिने पर्सचा बंद बोटाला गुंडाळला. "कधी कळलं?"

"'ते म्हणाले' म्हणाला तेव्हाच कळायला हवं होतं. कळलं आज दाढी करताना."

मग हिने सांगितलं. कार्ड धाकट्याचं. थोरलीने नुसतं आणून दिलं. आम्ही पेट्रोल भरलं की त्याच्या फोनवर संदेश जातो: कुठलं गाव, किती वाजले. ही म्हणाली, "मी त्याला सांगितलं, आम्ही जुन्या पंपावर निघालोय. तो म्हणाला, आई, बाबांसमोर मला फोन करू नकोस, उगाच त्यांचा प्रवास नासेल. तू नुसतं भरत जा. मला कळेल तुम्ही सुखरूप आहात."

"म्हणून दर साठ किलोमीटरला?"

"दर साठ किलोमीटरला."

मी गाडी काढली. राग होता. दोघी-तिघांनी मिळून मला मूर्ख बनवलं याचा राग. पण तो जितका वेळ टिकायला हवा होता तितका टिकेना. मी सारखा हिशेब करत होतो की तीन दिवसांत तो अकरा वेळा फोन काढून बघत बसला असेल. त्याचं लग्न झालं तेव्हा मी गेलो नव्हतो. ही आणि थोरली जाऊन आल्या. ही फोटो दाखवायला लागली तर मी चष्मा सापडत नाही म्हणालो. चष्मा नाकावर होता.

वाटेत एक पंप आला. हिने आज काही म्हटलं नाही. मीच गाडी आत घेतली. भरणाऱ्याला म्हटलं, "शंभरचं." कार्ड घेऊन मीच आत गेलो.

हिने कार्डाचे गुप्त आकडे कानात सांगितले होते. पहिल्यांदा चुकले, पुन्हा दाबले.

संध्याकाळी पोचलो. पंपापासून दोन किलोमीटरवरच्या लॉजवर उतरलो आहोत.

१३ नोव्हेंबर, शुक्रवार

आठ वाजता पंपावर गेलो. वरचं छप्पर एका बाजूने झुकलंय. दोन्ही मशीन कुणी कधी नेली देव जाणे, नुसते चौथरे उरलेत. मागच्या दोन खोल्यांना दारं नाहीत. ही आत गेली आणि चुलीच्या ओट्यावरून हात फिरवत राहिली. "किती लहान होतं हो," म्हणाली. "इथे आपण चौघं मावत होतो?" भिंतीवर पोरांची उंची मोजलेल्या पेन्सिलीच्या रेघा शोधल्या. चुना तीनदा मारला गेलाय, नाही सापडल्या. हिने तरी भिंतीवर साधारण त्या जागी तळवा टेकवून ठेवला.

मालकांचा मुलगा आला, पाया पडला. क्रेन आली. खड्डा कालच खणून ठेवला होता, टाक्यांच्या पाठी उघड्या दिसत होत्या, गंजून तांबूस झालेल्या. क्रेनवाला म्हणाला, "काका, बाजूला व्हा, दहा मिनिटांत पहिली वर येईल."

मी बाजूला झालो. मग हिच्याकडे फोन मागितला. हिने विचारलं नाही कुणाला. नंबर लावूनच दिला.

एकाच रिंगमध्ये उचलला. "हां आई, बोल, सगळं ठीक?"

आवाज भरदार. मोठ्या माणसाचा आवाज. नऊ वर्षांपूर्वी पोराचा होता.

मी म्हटलं, "आई नाही."

मला वाटलं फोन कटला. मग म्हणाला, "बाबा, पेट्रोल संपलं का?"

"नाही रे. टाकी भरलेली आहे." पुढे काय बोलायचं ते ठरवलंच नव्हतं. "आपल्या टाक्या काढतायत. म्हटलं तुला सांगावं. तू इथलाच ना. तू किती लांब असतोस? आज तर काही जमायचं नाही, पण..."

"चाळीस किलोमीटरवर आहे," तो म्हणाला. "काल संध्याकाळपासून. तुमचा शेवटचा मेसेज आला, त्यावरून कळलं तुम्ही पोचताय."

"मग आला का नाहीस?"

"तुम्ही बोलावाल की नाही, माहीत नव्हतं."

मी फोन हिच्या हातात दिला आणि क्रेनवाल्याकडे गेलो. म्हटलं, "तासभर थांब."

"काका, माझा दिवसाचा दर आहे."

"आधी छप्पर उतरव. टाकीला हात लावायचा नाही. या पंपाचा मॅनेजर मी आहे." तो मालकांच्या मुलाकडे बघायला लागला. मुलगा हसून म्हणाला, "ते म्हणतायत तसं कर."

पाऊण तासात धाकटा आला. पोट सुटलंय जरा. कानांवरचे केस पांढरे. चालणं माझ्यासारखं, डावा खांदा खाली. त्याने आधी आईला जवळ घेतलं, मग माझ्यासमोर येऊन उभा राहिला. वाकणार तेवढ्यात मी त्याचे दंड धरले.

"त्या दिवशी मी तुला..."

"असू द्या बाबा. जुनं झालं."

"असू द्या नाही. बोलू दे. चालता हो म्हणायला नको होतं मी. तू राहिला असतास तर पंप राहिला असता असं नाही. पण तू राहिला असतास."

तो खाली बघत होता. चपलेने एक खडा इकडून तिकडे ढकलत राहिला. मग म्हणाला, "त्या माणसाचे पैसे आले होते का हो बाबा, नंतर?"

"चौथ्या दिवशी आले."

त्याने मान हलवली. एवढंच. मी ते त्याला नऊ वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं.

मग टाकी वर आली. साखळ्या करकरल्या, माती ओघळली. आम्ही तिघं खड्ड्याच्या कडेला उभे होतो. एवढी मोठी वस्तू, हवेत लोंबकळायला लागल्यावर अगदी केविलवाणी दिसली. ही रडली. धाकट्याने तिच्या पाठीवर हात ठेवला. मी क्रेनवाल्यावर ओरडलो की नीट उतरव, आपटू नकोस. आता भंगारातच जायची ती. तरी ओरडलो.

दुपारी लॉजच्या खानावळीत जेवायला बसलो. मी त्याला म्हटलं, "सांग." "काय सांगू?" "सगळं." मग त्याने सांगायला सुरुवात केली. पहिली नोकरी, गळकी खोली, एका पावसाळ्यात आलेला ताप, बँकेची परीक्षा दोनदा नापास आणि तिसऱ्यांदा पास, बायको कशी भेटली, ती कशी तापट आहे आणि कशी हसते. लग्नात माझ्या जागी कोण उभं राहिलं, हे मी विचारलं. विचारायचं धाडस नव्हतं, पण विचारलं.

"कुणी नाही," तो म्हणाला. "खुर्ची रिकामीच ठेवली होती."

मी त्याच्याकडे पाण्याचा पेला सरकवला. तो पुढे सांगत राहिला. वाढणारा दोनदा येऊन बघून गेला. ताटं केव्हाच रिकामी झाली होती, हात वाळून कडक झाले होते, आणि आम्हा तिघांपैकी कुणीच उठत नव्हतं.